वासाचा रकाना

घरात तिला भोंगा म्हणत. नाव आईने ठेवलं होतं, आणि गेल्या वर्षभरात पोरीने ते इतकं मनावर घेतलं होतं की आज शाळेत काय झालं हे खालच्या मजल्यावरच्यांनाही घरबसल्या कळायचं. त्याआधी ती अगदी मुखदुर्बळ होती, वर्गात हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज बाकाखालीच राहायचा, हे आता शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटलं नसतं. बदल झाला तो टाकीमुळे.

टाकी म्हणजे बाबांची टाकी. बाजाराच्या मागच्या अंगाला, भाजीवाले सडका माल जिथे आणून ओततात तिथे, कुंपणाच्या आत ती होती. सिमेंटची, गोल, निम्मी जमिनीत आणि निम्मी वर, डोक्यावर काळा रबरी फुगा. कुजका भाजीपाला आणि खानावळींचं खरकटं दळून तिच्या पोटात जायचं, आणि आतल्या काळोखात, जिथे हवेचा कणही पोचत नाही तिथे, डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी जीव ते खाऊन गॅस सोडायचे. तो गॅस नळाने पलीकडच्या इस्पितळात जायचा आणि तिथल्या स्वयंपाकघरातल्या तीन मोठ्या शेगड्या पेटवायचा. बाबा या जीवांना ‘मंडळी’ म्हणत. सकाळी कामावर पोचलं की आधी मंडळींची चौकशी, मग चहा. आई म्हणायची, माझ्या माहेरच्या मंडळींची कधी इतकी विचारपूस केली असती तर माझ्या भावाने यांना डोक्यावर घेतलं असतं.

मागच्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात भोंग्याने पुठ्ठ्याची टाकी करून नेली आणि परीक्षकांसमोर उभी राहिल्यावर पुठ्ठ्याकडेच बघत राहिली. मग तिला मंडळी आठवली आणि ती बोलत सुटली. आत दोन टोळ्या असतात, ती म्हणाली. पहिली टोळी दणकट. येईल ते फोडते, चावते आणि त्याचं आंबट पाणी करते. दुसरी टोळी नाजूक आणि रुसकी. ती फक्त ते आंबट पाणी पिते आणि गॅस सोडते. दुसरी रुसली की आंबट साचत जातं आणि टाकीचं पोट बिघडतं. पोट बिघडलंय हे कळतं कसं, असं एका परीक्षकांनी विचारलं. ती म्हणाली, माझ्या बाबांच्या नाकाने. सगळे हसले, तिला पहिलं बक्षीस मिळालं, आणि बाकाखालून वर आलेला आवाज पुन्हा म्हणून खाली बसला नाही.

नाकाची गोष्ट मात्र थट्टेची नव्हती. सोमवारी आणि गुरुवारी प्रयोगशाळेतली एक बाई नळ्या आणि रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या घेऊन यायची. बाबा तिला नळीताई म्हणत. ती पट्टी बुडवायची, आकडे लिहायची. बाकीचे पाच दिवस राज्य नाकाचं. बाबांनी वास घेतल्याशिवाय टाकीत काही जायचं नाही, हा नऊ वर्षांचा नियम होता. लांब दांड्याचा मग आधी आलेला माल ओतायच्या हौदात बुडवायचा, नंतर टाकीच्या वरच्या नळाखाली धरायचा, दोन्ही वेळा नाकाशी आणायचा, डोळे मिटायचे, मनात तीन आकडे मोजायचे, मग अंगठा वर. आणि मग वहीत नोंद. वहीत रकाने होते: तारीख, काय आलं, किती पिंपं, आतली ऊब, ज्योतीचा रंग आणि सगळ्यात शेवटी ‘वास’. एरवी दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा हा माणूस त्या शेवटच्या रकान्यात फुलून यायचा. ‘भिजलेली चप्पल.’ ‘शिळं ताक, पण रागावलेलं नाही.’ ‘किल्ली मुठीत धरल्यावर हाताला येतो तो.’ आणि टाकी धडधाकट असली, मंडळी पोटभर जेवून गप्पा मारत बसलेली असली, की दोनच शब्द: ‘ओलं गोणपाट.’

इमारतीतले लोकही काहीबाही नाकाखाली धरायला आणायचे. दूध नासलंय का, भिंतीत ओल आहे का, गॅस गळतोय का. बाबांचं नाक म्हणजे सगळ्या जिन्याची मालमत्ता होती.

हिवाळ्यात बाबांना ताप आला. आठ दिवस अंथरुणात होते, नवव्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले. काही विशेष नाही असंच सगळ्यांना वाटलं. एवढंच झालं की जिन्यावरचे लोक दूध घेऊन आले की आईच दारात आडवी व्हायची आणि स्वतःच हुंगून सांगायची, त्यांना कशाला उठवता.

तो मंगळवार उगवला तेव्हा तापाला साडेतीन महिने झाले होते. शाळा अर्धीच होती आणि बाबा डबा विसरले होते म्हणून भोंगा तो घेऊन टाकीवर गेली. टँकरवाला आलेला होता. एक मंगळवार सोडून एक मंगळवारी तो खानावळींच्या मोऱ्यांमधलं तेलकट पाणी आणायचा. ते म्हणजे मंडळींची चैन. त्याच्या दुसऱ्या दिवशी गॅस दीडपट व्हायचा, फुगा टम्म व्हायचा, आणि इस्पितळातल्या आचारीबाई फोन करून विचारायच्या, आज काय खाऊ घातलंत हो काका.

टँकरवाल्याने तोटी उघडली आणि पाणी हौदात पडलं. त्यावर जांभळे-हिरवे पट्टे पसरत गेले. आज माल जरा पातळ आहे, तो म्हणाला. टँकर अर्धा रिकामा होता म्हणून वाटेत आणखी एका ठिकाणचं तेलपाणी उचललं, काका, तुमच्या मंडळींना जास्तीचा घास. बाबांनी मग बुडवला, नाकाशी आणला, डोळे मिटले.

भोंगा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला वास आला. आधी पेट्रोलपंपाचा, आणि त्यावर तरंगणारा दुसरा, गोडसर, डोक्यात जाणारा, नखांच्या रंगाची बाटली उघडल्यावर येतो तसा. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले आणि अंगठा वर केला.

तिने तोंड मिटलं. टँकरच्याच इंजिनाचा वास असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. बाबांच्या नाकापुढे आपलं नाक कोण चालवणार. उभ्या इमारतीला जिचा आवाज पुरायचा ती त्या दिवशी डबा ठेवून, बाबांना हात करून, गुपचूप घरी आली.

बुधवारी गॅस वाढला नाही. गुरुवारी सकाळी आचारीबाईंचा फोन आला. ज्योत शेगडीवर बसतच नाही, त्या म्हणत होत्या, उचलून उडते आणि विझते, दोनशे माणसांचं जेवण मी काय उन्हात शिजवू का. नळीताई त्या दिवशी यायचीच होती. तिने पट्टी बुडवली, पुन्हा बुडवली, मग नमुन्याची बाटली उघडून नाकाशी नेली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“काका, याला थिनरचा वास येतोय,” ती म्हणाली. “तुम्हाला आला नाही?”

बाबा म्हणाले, असेल. एवढंच.

संध्याकाळी नळीताईने घरी येऊन सगळं नीट सांगितलं. आईने चहा केला, तो तसाच निवला. टँकरवाल्याने ज्या ठिकाणचं पाणी उचललं होतं तिथे गाड्या धुतात आणि रंगवतात. त्यात डिझेल होतं, थिनर होतं, यंत्राचं जळकं तेल होतं. खानावळीतलं तेल म्हणजे खाणं, ते कितीही कुजलं तरी मंडळी पचवतात. हे तेल खाणं नव्हे. या जिवांच्या अंगावर जी पातळ कातडी असते ती स्वतःच एक प्रकारच्या चरबीची असते. असलं तेल तिच्यात शिरतं, मुरतं, ती सैल करतं, आणि मग आतलं सगळं हळूहळू बाहेर गळायला लागतं. दणकट टोळी थोडीफार तग धरते. नाजूक टोळी आधी जाते.

भोंग्याने पुठ्ठ्याची टाकी करताना हे सगळं पाठ केलं होतं, त्यामुळे पुढचं तिला आपोआप दिसलं.

“म्हणजे पहिली टोळी अजून आंबट करतेच आहे,” ती म्हणाली, “आणि ते प्यायला कुणी नाही. म्हणजे जे जगलेत तेच आता उरलेल्यांना मारतायत.”

नळीताईने मान हलवली. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, ती म्हणाली, ते रोजच्यासारखं काम करतायत.

उपाय काय, तर खाणं बंद. चुना थोडा थोडा, एकदम नाही. कोळशाची बारीक पूड, म्हणजे ते तेल तिला चिकटून बसेल. दुसऱ्या गावच्या टाकीतून ट्रकभर पिंपं विरजण. आणि मग थांबायचं. पहिली टोळी काही तासांत दुप्पट होते, दुसरीला एकेक आठवडा लागतो, कधी त्याहून जास्त. मी सांगितल्याशिवाय एक पिंपही घालू नका, नळीताई जाताना दारातून पुन्हा सांगून गेली.

बाजाराचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाबांना खुर्ची दिली आणि मग सांगितलं. इस्पितळाने सिलिंडर आणलेत, ते कायमचेच आणायचा त्यांचा विचार चाललाय. तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, समिती येईल. टाकीशेजारच्या चाचणीच्या शेगडीवर ज्योत पेटली आणि शंभर आकडे मोजेपर्यंत टिकली, तर टाकी राहील. नाहीतर उपसायची, बुजवायची, आणि त्या जागी गाड्या उभ्या करायच्या. बाबांना वजनकाट्यावर बसवतील. काम हलकं आहे, सावलीतलं आहे. बाबांनी मान हलवली. घरी आल्यावर आईला सांगताना त्यांनी ‘सावलीतलं’ हा शब्द दोनदा म्हटला.

साहेबांना चौकशीसाठी वहीची नक्कल हवी होती, आणि घरात अक्षर भोंग्याचं चांगलं. म्हणून शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर तिने मागच्या वर्षापासूनच्या नोंदी उतरवायला घेतल्या. पहिला तासभर तिला मजा वाटत होती. भिजलेली चप्पल, ओलं गोणपाट, शिळं ताक, ओलं गोणपाट. मग ताप आला, आठ कोऱ्या ओळी, आणि नवव्या दिवसापासून शेवटच्या रकान्यात: ठीक. ठीक. ठीक. ठीक. तिने पान उलटलं. ठीक. आणखी एक उलटलं. ऊब बदलत होती, पिंपं बदलत होती, ज्योतीचा रंगही बदलत होता, आणि वास साडेतीन महिने नुसता ‘ठीक’ होता.

ती उठली. कपाटातून नखांच्या रंगाची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि बाबा पेपर वाचत होते तिथे मागून जाऊन त्यांच्या गालाजवळ धरली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं इतका तो वास होता. बाबांनी पान उलटलं.

“कानाशी काय करतेयस?” ते म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने बाटली पाहिली, मग मुलीचं तोंड पाहिलं आणि तिला हाताने आत बोलावलं. शेगडीवर दूध करपून पातेलं काळं झालं आणि हे शेजारी बसून शेंगा सोलत होते, तेव्हाच मला कळलं, आई हलक्या आवाजात सांगत होती. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाही येणार. हे मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस. सगळेजण त्या नाकालाच तर विचारतात, ते गेलं तर मला कोण विचारेल, असं म्हणाले. आई पातेली पुसत होती आणि पुसलेलीच पुन्हा पुसत होती.

दुसऱ्या दिवशी भोंगा टाकीवर गेली. बाबा चुन्याची बादली ढवळत होते. तिला वाटलं होतं की ती रागावेल, ओरडेल, निदान एक भाषण तरी ठोकेल. तिच्या तोंडून एवढंच निघालं, की बाबा, मंगळवारी मला वास आला होता.

बाबांचा हात थांबला. तू बोलली का नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही. तू तरी काय बोलणार होतीस, असंही म्हणाले नाहीत.

“कसा होता?” त्यांनी विचारलं.

“पेट्रोलपंप. आणि नखांचा रंग.”

ते ऐकत राहिले, फार दिवसांनी कुणीतरी गावाकडची खुशाली आणावी तसे. मग पेन्सिल कानामागून काढत म्हणाले, उद्यापासून रोज सकाळी येत जा. तू हुंग, मी लिहितो.

अशी ती बाबांचं नाक झाली. रोज सकाळी दप्तर पाठीला लावून ती जाळीच्या फाटकातून आत शिरायची, बाबा मग पुढे करायचे, ती डोळे मिटून तीन आकडे मोजायची. ‘उलटी.’ ‘उलटी, आणि खाली थिनर.’ ‘नासकं दूध आणि गंजकं लोखंड.’ बाबा एकही शब्द न बदलता लिहीत. रकाना पुन्हा भरायला लागला होता, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. ट्रक आला, विरजणाची पिंपं ओतली गेली. कोळशाची पूड घालताना दोघांची तोंडं इतकी काळी झाली की शाळेतल्या बाईंनी तिला तोंड धुवायला परत पाठवलं. चुना गेला. ढवळण्याचा पंखा घरघरत राहिला. नोंद झाली की बाबा चाचणीच्या शेगडीशी काडी ओढत. नळातून फुस्स आवाज यायचा आणि काडी विझायची. ते दुसरी ओढत. तिसरी ओढत नसत; रोज दोनच.

आजारी माणसाच्या उशाशी निदान बसता येतं, कपाळावर हात ठेवता येतो. टाकीच्या सिमेंटवर हात ठेवला तर ती गरम लागायची, पण ती ऊब बाबांनीच बाहेरून दिलेली होती. आत काय चाललंय, कोण जगलंय, किती जगलेत, यातलं काही हाताला लागत नव्हतं. भोंगा वर्गात बसून खिडकीबाहेर बघायची आणि हिशोब करायची: एक आठवडा, दुप्पट. दोन आठवडे, चौपट. पण कशाच्या चौपट? मूठभराच्या, की शून्याच्या?

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पट्टीचा रंग किंचित बरा झाला. तिसऱ्या गुरुवारी आणखी किंचित. नळीताई म्हणाली, वाट सुधारायची दिसतेय, पण गुडघ्यावर रांगतेय, अजून खायला काही नाही. बाबांनी हो म्हटलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. शुक्रवारीही अर्ध्या ताटावरून उठले. आईने विचारलं तर म्हणाले, ते सगळे तीन आठवडे उपाशी आहेत, मला घास जात नाही. भोंग्याला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

शनिवार. समितीला मधला एक दिवस बाकी. बाबांनी मग पुढे केला. त्यांची दाढी वाढली होती आणि मनगटं पिंपावरच्या दोरीसारखी दिसत होती. भोंग्याने डोळे मिटले. आंबट, कालच्यापेक्षा जरा कमी. त्याखाली थिनर होताच. गोणपाट कुठेच नव्हतं. तिने डोळे उघडले तर बाबा पेन्सिल कागदाला टेकवून तिच्या तोंडाकडे बघत होते. तसं त्यांनी याआधी कधीच कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

“थोडंसं,” ती म्हणाली, “गोणपाट.”

बाबांनी ते दोन शब्द फार सावकाश लिहिले. लिहून झाल्यावर त्यांच्यावर नजर ठेवून उभे राहिले. ते हसले नाहीत, पण त्यांचे खांदे खाली आले, आणि चार महिन्यांत तिने ते खाली आलेले पाहिले नव्हते. एवढं बरं वाटावं म्हणूनच तर ती बोलली होती. यापुढे काही होईल असं तिच्या मनातही नव्हतं.

पण टाकीला गोणपाटाचा वास आला की काय करायचं हे बाबांना नऊ वर्षं ठाऊक होतं. मंडळींना भूक लागली की खायला घालायचं. पट्टी आणि नाक यांच्यात भांडण झालं की त्यांनी नेहमी नाकाचं ऐकलं होतं, आणि नाक नेहमी बरोबर निघालं होतं. ते वळले, खरकट्याचं पातळ पाणी करून घेतलं आणि दोन पिंपं टाकीत सोडली. भोंगा दप्तराचा पट्टा धरून उभी राहिली. आता बोलावं, आता बोलावं, असं करता करता दुसरं पिंपही रिकामं झालं. दोनच तर, तिने मनात म्हटलं.

रविवारी तिला पुन्हा विचारलं तेव्हा ती काय सांगणार होती? की एका दिवसात गोणपाट पळून गेलं? ती म्हणाली, कालच्यासारखंच. बाबांनी पाच पिंपं सोडली आणि शीळ वाजवत पंखा सुरू केला. तिने त्यांची शीळ तापाच्या आधी कधीतरी ऐकली होती.

सोमवारी सकाळी समिती आली. साहेब धरून तिघे होते, तिघांच्याही नाकाला रुमाल. शेगडीपाशी नाक उघडं असलेले एकटे बाबा होते. नळीताई एका बाजूला नळ्या लावत होती. भोंगा शाळेच्या गणवेशात हौदापाशी उभी होती आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात काहीतरी मागितलं, कुणाकडे ते तिलाही माहीत नव्हतं.

बाबांनी काडी ओढली. फुस्स झालं, आणि ज्योत उभी राहिली. निळी, बोटभर, थरथरती. साहेब मोजायला लागले. सहा, सात. भोंगाही ओठांतल्या ओठांत मोजायला लागली, आठ, नऊ. दहाला ज्योत शेगडीपासून उचलली गेली, क्षणभर अधांतरी राहिली आणि अकराला नव्हती. बाबांनी दुसरी काडी ओढली. मग तिसरी ओढली, चौथी ओढली. साहेबांनी त्यांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाले, पुरे.

नळीताईने पट्टी उजेडात धरली. गुरुवारी जिथवर रंग चढला होता त्याच्या बराच खाली उतरला होता. खायला दिलंत का, तिने विचारलं. बाबा म्हणाले, दिलं, वहीत लिहिलंय. का दिलंत, तिने विचारलं; तिचा आवाज चढला नाही, उलट अगदी बारीक झाला. बाबांनी हौदापाशी उभ्या लेकीकडे पाहिलं नाही.

“मला वाटलं, भूक लागली असेल,” ते म्हणाले.

माणसं गेल्यावर भोंग्याने सांगितलं. न रडता, न थांबता, एका दमात सांगितलं; बोलायची सवय होती म्हणून तेवढं जमलं. गोणपाट नव्हतं. शनिवारीही नव्हतं आणि रविवारीही नव्हतं. बाबा उलट्या पिंपावर बसले. फाटकाबाहेर कुणीतरी हातगाडी लोटत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

“सात पिंपांनी जी मरते,” ते म्हणाले, “ती तशीही जगणार नव्हती.”

हे खरं होतं की तिला बरं वाटावं म्हणून होतं? तिने नळीताईला गाठून विचारलं. नळीताई नळ्या खोक्यात भरत होती. असेलही, ती म्हणाली, नसेलही. ज्योत दहा आकडे टिकली म्हणजे आत कुणीतरी होतं. खायला घातलं नसतं तर बारा टिकली असती, की शंभर, की पाचच, हे आता कशावरूनही कळणार नाही. नळीत आज काय आहे तेवढं दिसतं गं, जे झालं असतं ते दिसत नाही.

बुधवारी टाकी उपसायला तोच टँकरवाला आला. त्याने काम नाकारून बघितलं होतं, पण बाजाराचा टँकर तो एकच. गाड्या धुणाऱ्यांनी तेलपाणी म्हटलं, मी म्हटलं तेल ते तेल, असं तो गेले तीन आठवडे भेटेल त्याला सांगत होता, आणि आज बाबांना सांगायची वेळ आली तर त्याच्याने तेही होईना. त्याने खाली मान घालून जाड नळी टाकीच्या बुडाशी सोडली. पंप सुरू करण्याआधी नळीत घट्ट काळा गाळ चढतोय का ते बघायला त्याने हातपंप मारून थोडा गाळ बाहेर काढला.

बाबांनी सवयीने मग पुढे केला, भरला, नाकाशी नेला. डोळे मिटले. तीन आकडे मोजले असतील. मग डोळे उघडून त्यांनी मग लेकीपुढे धरला.

बुडाशी कुणी गेलंच नव्हतं इतके दिवस. रोजचा नमुना वरचा असायचा. भोंग्याने श्वास घेतला. आंबट होतं. थिनर होता, पुसट. आणि त्या दोन्हींच्या खाली, ओलसर, जाडसर, अंधाऱ्या खोलीत रचून ठेवलेल्या पोत्यांसारखा, तो होता. तिने पुन्हा घेतला. होताच.

“बाबा,” ती म्हणाली, “खाली गोणपाट आहे.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. शनिवारी पाहिलं होतं तसंही नाही. अनोळखी गावात रस्ता विचारल्यावर सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात तसं, कितपत धरून चालावं याचा अंदाज घेत.

“खरंच,” त्यांनी विचारलं, “की मला बरं वाटावं म्हणून?”

खरंच, ती म्हणाली. आईशप्पथ खरंच. नळीताईला बोलवा. नळीताई गुरुवारी येते, बाबा म्हणाले, आणि गुरुवारी आता यायचं कारण राहिलेलं नाही. मग आजचा दिवस थांबवा, ती म्हणाली. टँकरवाला हातातल्या फडक्याने आधीच पुसलेली तोटी पुसत होता. साहेबांची सही झालेला कागद त्याच्या खिशातून अर्धा बाहेर आला होता. बाबांनी मग पुन्हा एकदा स्वतःच्या नाकाशी नेला आणि या वेळी तीनच्या पुढे मोजत राहिले, कितीतरी वेळ. भोंगा त्यांच्या नाकपुड्यांकडे बघत राहिली. त्या हलत होत्या.

मग त्यांनी मग खाली ठेवला, वही उघडली आणि कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली.

“तूच लिही,” ते म्हणाले.

तिने तारीख लिहिली. काय आलं, काही नाही. किती पिंपं, शून्य. ऊब बाबांनी सांगितली, ती लिहिली. ज्योत, नाही. शेवटच्या रकान्यात तिने ‘ओलं गोणपाट’ लिहिलं, आणि नक्कल उतरवताना काढलं होतं तितकंच सुरेख अक्षर काढलं. टँकरवाल्याने घसा खाकरून विचारलं, काका, सुरू करू ना?

बाबांनी वही मिटून काखेत धरली आणि म्हणाले, कर.